टांझानियातले पहिले पंधरा दिवस: वही कशी लिहायची अन् काय सांभाळायचं

यंदा आपल्या रावेर-यावलकडची दोन-तीन पोरं शिकायला अन् सोबत व्हॉलंटिअरिंग करायला पूर्व आफ्रिकेत जाताय, त्यांनी विचारलं म्हणून लिहितोय. मी किलिमांजारोच्या पायथ्याशी, मोशीला, एक सेमिस्टर होतो.

आधी एक साधी दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर जे दिसलं तेवढंच लिहायचं, उजव्या पानावर त्यावरून आपल्याला काय वाटलं ते. माझी तिसऱ्या दिवसाची नोंद बघा. डावीकडे: "घरामागे केळी, मधेच कॉफी, खाली घेवडा, रांग नाही, ड्रिप नाही." उजवीकडे: "यांना केळी लावताच येत नाही." आता मी पडलो रावेरचा, टिश्यूकल्चर अन् ठिबक बघत मोठा झालेलो, मस्ती तर असणारच ना भो. महिनाभराने घरमालकीणबाईंनी शेतात फिरवून दाखवलं, की कॉफीला केळीची सावली लागते, पानं अन् कापलेले खांब गाईपुढे टाकायचे, शेण परत केळीला, पाणी डोंगरावरून पाटाने येतं, अन् घड सगळा विकायचा नाही, कच्ची केळी मांसासोबत शिजवून घोटली की म्तोरी नावाचं दाट सूप होतं. उजवं पान खोडलं नाही मी, खाली तारीख टाकून फक्त लिहिलं, "चूक." तुम्हीपण खोडू नका. अन् पहिल्या आठवड्यात स्टेटसला काही टाकू नका, शाळेतल्या पोरांचे फोटो तर विचारल्याशिवाय अजिबात नाही.

त्या बाईंना मामा म्हणायचं, स्वाहिलीत मामा म्हणजे आई. पहिले चार दिवस जिभेवरच येईना! मोठ्या माणसाला आधी 'शिकामू' म्हणा, ते 'माराहाबा' म्हणतील, आपलं राम राम समजा, ते सोडून डायरेक्ट कामाचं बोललं की उद्धट वाटतं. बाकी शब्द अर्धे ओळखीचेच निघतात: दुका, चाय, किताबू, हेसाबू, कचुंबरी.

घड्याळाचं मात्र नीट समजून घ्या. शाळेत मला सांगितलं, "उद्या सा म्बिली." म्बिली म्हणजे दोन, मी दुपारी दोनला जेवूनखाऊन पोहोचलो तर मास्तर हसत बसलेले. तिथे सकाळी सहापासून तास मोजतात, म्हणून सात वाजले की एक, आठ वाजले की दोन. कोणी वेळ सांगितली की सकाळ का संध्याकाळ ते विचारायचं अन् सहा मिळवायचे.

जेवणात उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, हातानेच खायचा. कळण्याच्या भाकरीवर वाढलेल्याला सपक लागतो, म्हणून कोरडी चटणी न्या. म्चिचा नावाची पालेभाजी तर आपल्या माठासारखीच.

कागदपत्रांत दोनच गोष्टी. टुरिस्ट व्हिसावर व्हॉलंटिअरिंग चालत नाही, क्लास सी परमिट (तिथे राहण्याचा परवाना) लागतं, संस्थेला निघायच्या आधीच विचारा. दुसरं, येलो फीवरची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्या अन् लस घेतल्याचं पिवळं कार्ड हँडबॅगेतच ठेवा. येताना विमान नैरोबीला बदललं होतं, म्हणजे येलो फीवरच्या यादीतल्या केनियात, अन् मी शहाण्याने कार्ड चेक-इन बॅगेत टाकलेलं. मुंबईला हेल्थ काउंटरवर विचारलं तेव्हा घाम फुटला, कारण कार्ड नसलं तर 6 दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. मोबाईलमधला फोटो दाखवत अर्धा तास उभा होतो, शेवटी माणूस सोबत देऊन बॅग आणायला पाठवलं.