बागेत कार्यक्रम ठरवताना: आधी तिथल्या रहिवाशांचं वेळापत्रक

तारीख पक्की करण्याआधी बागेत दोन फेऱ्या मारा, एक पहाटे आणि एक दिवेलागणीला. सोबत तिथला जुना माळी हवा आणि परिसरातला एखादा पक्षीनिरीक्षक. कोणत्या झाडाला ढोली आहे, घरटी कुठे आहेत, वटवाघळं कुठे लटकतात, तळ्याच्या कोणत्या काठाला बेडकांचा आणि पाणपक्ष्यांचा वावर आहे, हे सगळं साध्या नकाशावर टिपून ठेवा. भर दुपारी बाग रिकामी वाटते, त्यामुळे स्थळपाहणी ऑफिसच्या वेळेत उरकली की नेमकं हेच नजरेतून सुटतं. स्टेज, रांगा, पार्किंग या गोष्टी त्या नकाशावर नंतर बसवायच्या.

मग तारीख. विणीचा हंगाम शक्यतो टाळाच. प्रत्येक जातीची वीण वेगळ्या महिन्यांत असते, म्हणून कॅलेंडरवर विसंबू नका, त्या आठवड्यात घरट्यांत काय चाललंय ते बघा. गर्दीला बिचकून आई-बाप तासभर जरी लांब राहिले, तरी अंडी गार पडतात किंवा उन्हात तापतात, पिल्लं उपाशी राहतात आणि कावळ्यांना आयती संधी मिळते. माझं मत स्पष्ट आहे: तारीख आणि जागा चुकली, तर पुढची कितीही काळजी ही मलमपट्टीच ठरते. मंडपाच्या जागी भरलेलं घरटं सापडलं, तर मंडप हलवायचा, घरटं नाही.

वेळ निवडताना संध्याकाळकडे सर्वांत बारकाईने बघा. त्या तासाभरात दिवसभर बाहेर असलेले पक्षी झाडांवर परततात आणि घुबडं, वटवाघळं बाहेर पडतात. कार्यक्रम सकाळी उशिरा सुरू करून सूर्यास्ताच्या बराच आधी संपवता आला, तर निम्मे प्रश्न उरतच नाहीत. झाडावर विसावलेले थवे रात्री दचकून उठले, की त्यांना धड दिसत नाही. २०१० च्या शेवटच्या रात्री अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या बीबी या गावात हजारो ब्लॅकबर्ड मरून पडले. आवाजाने उठलेले थवे अंधारात घरांवर आणि झाडांवर आदळले, असा तिथल्या वन्यजीव खात्याचा निष्कर्ष होता. नेदरलँड्समध्ये तर नववर्षाच्या फटाक्यांनंतर हजारो पक्षी एकदम आकाशात उठतात, हे हवामानाच्या रडारवरच दिसलं. काही थवे ५०० मीटर उंचीपर्यंत गेले होते. म्हणून फटाक्यांच्या बाबतीत तडजोड नको. ‘थोडेसे’ ही मागणीसुद्धा मान्य करू नका.

दिवे लावावेच लागले, तर पिवळसर, २७०० केल्विनच्या आतले निवडा (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा जितका कमी तितका प्रकाश पिवळसर), वरून झाकलेले आणि फक्त पायवाटेवर पडणारे. पांढऱ्या-निळसर प्रकाशाकडे कीटक जास्त ओढले जातात. झाडांवर माळा नकोत, झाडाला खिळे तर मुळीच नकोत, आणि तळ्याकडची बाजू अंधारातच राहू द्या. शेवटचा दिवा कोण बंद करणार, त्या माणसाचं नाव यादीत लिहा, नाहीतर तो सकाळपर्यंत जळत राहतो.

आवाजाचं गणित सोपं आहे. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे शेवटच्या रांगेला ऐकू जावं म्हणून स्टेजजवळ भिंतीएवढे स्पीकर उभे केले, तर पुढच्या झाडांना विनाकारण भयंकर आवाज सोसावा लागतो. त्याऐवजी लहान स्पीकर श्रोत्यांमध्येच ठिकठिकाणी, हळू आवाजात ठेवा आणि त्यांची तोंडं दाट झाडीच्या विरुद्ध दिशेला वळवा. ढोल-बेसचा घुमारा दूरवर जातो, तो कमी करायला सांगा. सततच्या गोंगाटाने पक्ष्यांची दिनचर्या बदलते: २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्रिटनच्या शेफील्ड शहरात, दिवसा गोंगाट असलेल्या जागी रॉबिन पक्षी रात्री गाताना आढळले. आवाजाची चाचणीही थोडक्यात आटपा.

आता माती. हिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं, आणि टिकाऊ नुकसान इथेच होतं. झाडाची बहुतेक मुळं वरच्या अर्ध्या-पाऊण मीटर थरात पसरलेली असतात. बुंध्याच्या व्यासाच्या १२ पट त्रिज्येचं वर्तुळ मोकळं ठेवा. बुंधा ५० सेंटीमीटरचा असेल, तर चारही बाजूंनी ६ मीटर. त्यात खुंट ठोकायचे नाहीत, जनरेटर ठेवायचा नाही, टेम्पो आणायचा नाही. ओली माती चाकांखाली दडपली की तिच्यातली हवेची जागा संपते, गांडुळं जातात, मुळं गुदमरतात. झाड वाळतं ते कित्येक वर्षांनी, तेव्हा त्या कार्यक्रमाची आठवणही कुणाला येत नाही. म्हणून आदल्या दिवशी पाऊस झाला, तर कार्यक्रम फरसबंदीवर हलवायची पर्यायी जागा आधीच ठरवून ठेवा. पाचोळा झाडून ‘स्वच्छ’ करायलाही मनाई करा, त्यात सरडे आणि असंख्य कीटक राहतात.

फुगे, चमकीचे कागद, नायलॉनची दोरी आणि ड्रोन यादीतून सरळ काढून टाका. कचऱ्याचे डबे झाकणाचे हवेत, कारण सांडलेल्या अन्नामागे उंदीर आणि कावळे येतात आणि घरट्यांचा माग काढतात. गर्दीचा आकडा आधीच ठरवा. जपायच्या भागाभोवती दोरी बांधा आणि तिथे स्वयंसेवक उभा करा, जो येणाऱ्यांना कारण सांगेल: ‘इथे घरटं आहे’ एवढं कळलं की लोक आपसूक मागे सरतात.

मंडप उतरवण्याचं काम त्याच रात्री रेटू नका. खडखडाट आणि झगझगाट त्यात कार्यक्रमाहून जास्त होतो. ते दुसऱ्या दिवशी, ऊन वर आल्यावर करा. त्यानंतर आठवड्याभरात त्याच माळ्यासोबत, तोच नकाशा घेऊन पुन्हा फिरा. कोणती घरटी सोडून दिली गेली, जमीन कुठे दबली, कोणती फांदी मोडली, ते लिहा आणि उद्यान खात्याकडे द्या. दबलेली जमीन हलक्या हाताने भुसभुशीत करून पाचोळ्याने झाका आणि ती जागा पुढच्या परवानगीतून वगळण्याची लेखी शिफारस करा.