पाणबुड्याची टाकी निवडताना: धातू, आकार आणि दाब

वैनगंगेच्या किंवा गोसीखुर्द धरणाच्या गढूळ पाण्यात उतरणाऱ्या गावच्या बचाव पथकाने श्वासाच्या हवेची टाकी घेताना आधी तिच्या खांद्यावर कोरलेली अक्षरे बोट फिरवून वाचावीत. भरण्याचा दाब आणि जलदाब चाचणीची (पाण्याच्या दाबाने टाकीची मजबुती तपासण्याची) तारीख तेथेच असते. तारीख पुसट असेल, तर टाकी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

नेहमीची अ‍ॅल्युमिनियमची टाकी 11.1 लिटरची असते आणि 207 बारपर्यंत, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण दोनशे पट दाबापर्यंत भरते. 10 मीटर खोलीवर मिनिटाला साधारण 40 लिटर हवा लागत असेल, तर 50 बार राखून ती जेमतेम 40 मिनिटे पुरते. आणि प्रवाहाशी झुंजताना श्वास वाढतो, तेव्हा हा हिशेब कोलमडतो. मोठ्या शरीराला हवा मुळातच अधिक लागते, म्हणून मोठ्या शरीराच्या पाणबुड्याला मोठीच टाकी द्यावी. अ‍ॅल्युमिनियमची टाकी रिकामी होत आली की तरंगू लागते, त्यामुळे कमरेला थोडे अधिक शिसे लागते. 12 लिटरची, 232 बारची पोलादी टाकी तसा त्रास देत नाही. मात्र हवेसोबत ओलावा आत गेला की ती आतून गंजते. टाकीत हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या गाळणीची खात्री नसलेल्या ठिकाणी मी अ‍ॅल्युमिनियमच सुचवेन.

कॉम्प्रेसर 200 बारचाच असेल, तर 300 बारच्या टाकीवरचा खर्च वाया जातो. भरलेली टाकी मे महिन्याच्या उन्हात गाडीत कधीही ठेवू नये, कारण तापमानाबरोबर आतला दाबही चढतो. गॅस सिलिंडरांना मान्यता देणाऱ्या ‘पेसो’चे मुख्यालय नागपुरातच आहे, खरेदीपूर्वी त्या मान्यतेचा कागद विक्रेत्याकडे अवश्य मागावा.