धाब्यावर बसून जहाजाचा रेडिओ ऐकायचा तर

आधी घरातले सगळे एलईडी बल्ब बंद करा. मोबाइलचा चार्जर प्लगमधून उपटा, इन्व्हर्टर बंद करा, आणि शेजाऱ्याशी बोलणं-चालणं असेल तर त्यालाही गळ घाला. मध्यमलहरींवर, म्हणजे मीडियम वेव्हवर, ही सगळी मंडळी नुसती घरघर ओकतात. ‘सेट बिघडला’ म्हणून आलेल्या कितीतरी गिऱ्हाइकांना मी सेट न उघडताच परत पाठवलंय की बाबा, बल्ब बदल. आमच्या अमळनेरात लोडशेडिंगला लोक शिव्या घालतात. मी मात्र लाइट गेली की खाट, घोंगडी आणि ट्रान्झिस्टर घेऊन धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, चढतो.

वडलांनी रेडिओ दुरुस्त केले, मग मी केले. आता दुकानात मिक्सरच जास्त येतात. अधूनमधून कॉलेजातली पोरं विचारतात, काका, समुद्रात जहाज उभं करून त्यावरून गाणी वाजवायचे ते खरं का? खरंच आहे. पण त्यांना मी आधी एक रात्र वर नेऊन बसवतो, मग सांगतो. लांबचं स्टेशन पकडताना हात दुखल्याशिवाय त्या लोकांनी एवढा खटाटोप का केला ते उमगत नाही.

सेट कुठलाही जुना चालेल, फक्त मध्यमलहरी हव्यात, आणि तो सेलवर चालला पाहिजे. आत काळी फेराइटची कांडी असते, तोच त्याचा अँटेना. कांडीचं टोक स्टेशनच्या दिशेला आलं की आवाज पडतो, कांडी आडवी झाली की उठतो. म्हणून सेट हातात धरून भिंगरीसारखा सावकाश फिरवायचा. बाहेर ओढतो ती चकचकीत दांडी इथे कामाची नाही, ती एफएमसाठी. ती खेचून-खेचून मोडून आणलेले सेट माझ्याकडे डझनभर तरी पडलेत.

वेळ रात्रीचीच धरा. दिवसा वातावरणाचा एक खालचा थर मध्यमलहरी शोषून घेतो, सूर्य बुडाला की तो विरतो आणि लहरी वरच्या थरावर आपटून शेकडो कोस लांब उतरतात. रात्री अकरानंतर आकाशवाणीची बहुतेक केंद्रं झोपतात, तेव्हा खरी मजा. थंडीत जास्त, कारण पावसाळ्यात विजेचा कडकडाट सगळं खाऊन टाकतो.

एवढ्यावर भागलं नाही तर वायरच्या वेढ्यांची चौकट करा, म्हणजे आणखी एक मोठा अँटेना. तिच्या फुलीसाठी दोन फुटांच्या दोन पट्ट्या घ्यायच्या नाहीत, तिथे पोरं चुकतात. चौकटीची प्रत्येक बाजू दोन फूट हवी, म्हणजे फुलीच्या पट्ट्या पावणेतीन फुटांच्या जवळ जातात. त्यावर साधी प्लास्टिक चढवलेली वायर बारा वेढे गुंडाळा, दोन वेढ्यांत अर्धा सेंटिमीटर जागा सोडा. तीस मीटर वायर पुरते. दोन्ही टोकं जुन्या सेटमधल्या गँगला जोडा. गँग म्हणजे स्टेशन फिरवायचा तो पत्र्यांचा कंडेन्सर. भंगारवाल्याकडे फुटका व्हॉल्व्ह सेट, म्हणजे काचेच्या नळ्यांचा जुना रेडिओ, मिळाला तर त्यातला काढा. चौकटीची वायर रेडिओला जोडायची नाही. रेडिओ नुसता जवळ ठेवा, स्टेशनवर आणा, आणि गँग सावकाश फिरवा. एका जागी आवाज एकदम फुगतो. पहिल्यांदा तो फुगला तेव्हा माझा पुतण्या खाटेवरून उठून उभा राहिला होता.

आता अर्थिंग, आणि इथून जहाज सुरू होतं.

वडलांनी दुकानामागे खड्डा खणून त्यात मीठ-कोळसा भरला होता. उन्हाळ्यात त्यात रोज एक बादली पाणी ओतायचं काम माझं. कंटाळा करून एका चैत्रात मी आठ दिवस पाणी ओतलंच नाही. आपल्या काळ्या मातीला भेगा पडल्या, सळई मोकळी झाली, आणि व्हॉल्व्ह सेटवर सिलोन, म्हणजे श्रीलंकेचं रेडिओ स्टेशन, लागेना. वडलांनी दिवसभर सेट तपासला, संध्याकाळी खड्ड्यात डोकावले, आणि माझ्याकडे फक्त बघितलं. ओल आणि मीठ, त्याशिवाय अर्थिंगला अर्थ नाही.

आता विचार करा, अख्खं लोखंडी जहाज खाऱ्या पाण्यात उभं आहे. बादली ओतायलाच नको! प्रक्षेपणाला याहून चांगली अर्थिंग जमिनीवर मिळत नाही. शिवाय खाऱ्या पाण्यावरून मध्यमलहर फार न दमता लांब जाते, मुरमाड जमिनीवर तीच लवकर थकते. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळचं ‘गॅलक्सी’ जहाज मूळचं अमेरिकन नौदलाचं, सुरुंग काढायचं. त्यावरून रेडिओ लंडन डिसेंबर १९६४ पासून २६६ मीटर लांबीच्या मध्यमलहरीवर चालायचं. जहाजावर जागा थोडी, म्हणून उंच डोलकाठी हाच सगळा अँटेना. पुढे ‘रॉस रिव्हेंज’ जहाजावर तर ३०० फुटांचा मनोरा होता. ऑक्टोबर १९८७ च्या वादळात तो तगला आणि नोव्हेंबरात कोसळला. आपल्या गावातला टॉवर हलत्या होडीवर उभा आहे अशी कल्पना करा, पोटात गोळा येतो.

हे सगळं कशासाठी, तर गाण्यांसाठी. आपल्याला हे समजावं लागू नये. १९५२ साली माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री बाळकृष्ण केसकर, आपलेच मराठी, त्यांना सिनेमाची गाणी हलकी वाटायची. आकाशवाणीवरून ती गेली आणि अख्खा देश सिलोनकडे वळला. आमच्या घरी बुधवारी सिलोनवर बिनाका गीतमाला लागली की आजी भाकरी थापता-थापता गप्प व्हायची. इंग्लंडात बीबीसीवर रेकॉर्ड वाजवायला दिवसाचे मोजके तासच, कारण रेकॉर्ड कंपन्या आणि वादकांची संघटना यांच्याशी तसा करार होता. त्यांच्या पोरांना दिवसभर वाजणारं सिलोन नव्हतं, म्हणून त्यांनी समुद्रात सिलोन उभं केलं. आणि सरकारला जाग दोन्हीकडे उशिराच आली. आपल्याकडे विविधभारती ऑक्टोबर १९५७ ला, त्यांच्याकडे बीबीसी रेडिओ १ सप्टेंबर १९६७ ला. त्यावर पहिला बोलला तो टोनी ब्लॅकबर्न, जहाजावरून आलेला.

पहिलं जहाज मात्र इंग्रजांचं नाही. १९५८ साली डेन्मार्कजवळ रेडिओ मर्कर, १९६० ला हॉलंडजवळ रेडिओ व्हेरोनिका, तेही जुन्या दीपनौकेवरून, म्हणजे जहाजांना वाट दाखवणारा दिवा असलेल्या नौकेवरून. इंग्लंडला रोनन ओ’राहिली या आयरिश माणसाने २८ मार्च १९६४ ला रेडिओ कॅरोलाइन सुरू केलं. युक्ती सोपी होती. किनाऱ्यापासून तीन मैलांवर त्या काळी देशाची हद्द संपायची, त्याच्या बाहेर नांगर टाकायचा. आपण ‘कायदा धाब्यावर बसवला’ म्हणतो, यांनी पाण्यावर बसवला.

त्यांना चाचे म्हणतात. थोडं खरंही आहे. दुसऱ्या देशांना ठरवून दिलेल्या लहरी त्यांनी बळकावल्या, आणि गाण्यांचे पैसे देण्याबाबत बहुतेकांचा हात आखडताच होता. समुद्रातल्या जुन्या लष्करी किल्ल्यावरही अशी स्टेशनं होती. त्यातल्या रेडिओ सिटीच्या भांडणात १९६६ साली मालक रेजिनाल्ड कॅल्व्हर्ट गोळी लागून मेला. पोरांना हे सांगितलं की त्यांच्या डोळ्यांतलं रोमँटिक थोडं कमी होतं, ते बरं.

१४ ऑगस्ट १९६७ च्या मध्यरात्री ब्रिटनचा कायदा लागू झाला. जहाज तर हद्दीबाहेर, मग हात घातला रसदीला. ब्रिटिश माणसाने तिथे काम करणं, जाहिरात देणं, तेल-भाकरी पोचवणं गुन्हा. चूल विझवायची नाही, लाकूडच बंद करायचं. रेडिओ लंडन त्या मध्यरात्रीच्या आधीच, १४ तारखेच्या दुपारी तीनला, बंद झालं. कॅरोलाइन मात्र वाजत राहिलं, हॉलंडहून सामान आणून. आणि शेवटी बुडवलं कशाने? उधारीने. सामान पोचवणाऱ्या कंपनीचं बिल थकलं, मार्च १९६८ मध्ये तिने कॅरोलाइनची दोन्ही जहाजं ओढून नेली. कायद्याला जमलं नाही ते खातेवहीने केलं. माझ्या दुकानात ‘आज रोख उद्या उधार’ची पाटी उगीच नाही.

नंतरही कॅरोलाइन परतलं. त्याचं ‘मी अमिगो’ नावाचं जहाज मार्च १९८० च्या वादळात बुडालं, पण डोलकाठी पुढे काही वर्षं पाण्यावर उभीच होती. १९८३ ला रॉस रिव्हेंज आलं, १९९१ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ गुडविन नावाच्या वाळूच्या पट्ट्यात रुतलं, कसंबसं सुटलं. २०१७ च्या अखेरीपासून कॅरोलाइन सरकारी परवान्याने, जमिनीवरच्या मनोऱ्यावरून, ६४८ किलोहर्ट्झवर वाजतं.

६४८! खान्देशातल्या जुन्या रेडिओवाल्याला हा आकडा विचारा. तो डोळे मिटून म्हणेल, इंदूर. म्हणजे आपल्या धाब्यावर ते स्टेशन इंदूरच्या खाली गाडलेलं. इंदूर इथून ईशान्येच्या अंगाला, थोडं उत्तरेकडे झुकून. कांडीचं टोक तिकडे करून ते दाबायचा सराव करा, शिकण्यासारखा आहे. पण खोटी आशा लावत नाही, इंग्लंडातल्या सफोककडचा तो कमी ताकदीचा मनोरा अमळनेरात पोचायचा नाही.

मग काय करायचं? हॉलंडमधल्या ट्वेंटे विद्यापीठाने आपला रिसीव्हर इंटरनेटवर सगळ्यांना खुला ठेवलाय. ‘वेबएसडीआर’ असं शोधा, ६४८ टाका, ‘एएम’ निवडा. अंगठ्याने पट्टी सरकवली की डायल फिरते, कान तिकडे, खाट इकडे. एका वेळी लागलं नाही तर तिथला दिवस-रात्र बघून पुन्हा बघा. आपण उन्हाळ्यात इंग्लंडच्या साडेचार तास पुढे, हिवाळ्यात साडेपाच. कॅरोलाइनचं अ‍ॅपही आहे, त्यावर चकाचक ऐकू येतं. मी ते वापरत नाही. उठता-पडता आवाज आणि मागची खरखर हेच तर त्या काळच्या पोरांनी उशीखाली ऐकलं.

ऐकताना वही ठेवा : तारीख, वेळ, आकडा, काय ऐकलं. उत्साहात प्रक्षेपण करायला जाऊ नका. परवान्याशिवाय ते आपल्याकडे गुन्हा आहे, समुद्रात गेलात तरी. तशा जहाजांविरुद्ध १९८२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी करारात वेगळं कलमच आहे. ऐकायला मात्र आता परवाना लागत नाही. वडलांच्या वेळी पोस्टात दरवर्षी फी भरून पुस्तकावर शिक्का घ्यावा लागे, ते पुस्तक अजून गल्ल्यात आहे.

आणि एक माणूस पोरांना नक्की सांगतो : एबी नाथान. मुंबईत वाढला, इथल्या हवाई दलात विमान चालवायला शिकला, नंतर इस्रायलला गेला. १९७३ पासून तेल अवीवसमोर जहाज उभं करून ‘शांततेचा आवाज’ नावाचं स्टेशन त्याने वीस वर्षं चालवलं. १९९३ मध्ये इस्रायल आणि पॅलेस्टिनींचा करार होऊन शांतता येतेय असं वाटलं तेव्हा त्याने ते जहाज स्वतःच बुडवलं. ती शांतता टिकली नाही ते आपण बघतोच.

परवा ट्वेंटेवरून कॅरोलाइन लागलं तेव्हा बायको चहा घेऊन वर आली होती. थोडा वेळ कान देऊन म्हणाली, “काय म्हनी राह्यना हाऊ?” मी नीट ऐकलं. हवामान सांगत होता. तिकडे पाऊस होता.