एफएम लागतं, पण सांगली केंद्र लागत नाही? काडीवरची तार बघा

रेडिओ खाली पडला, एफएम खणखणीत वाजतंय, पण मीडियम वेव्हला नुसती खरखर. असं असेल तर सेट भंगारात घालू नका. आमच्या आत्यांना सकाळी १२५१ किलोहर्ट्झवर आकाशवाणी सांगली लागतेच, आणि त्यांचा रेडिओ कायम खिडकीच्या कडेला, त्यामुळे हे दुखणं आमच्या विश्रामबागेतल्या घरात ओळखीचं आहे. आत फेराइटची काळी काडी असते, तिच्यावर कॉइल. मीडियम वेव्हचा अँटेना तोच. दणका बसला की कॉइलची केसाएवढी तार तुटते. एफएमचं काम वरच्या दांडीवर भागतं, म्हणून ते चालू राहतं.

ही तार परत जोडायची ती सोल्डरिंगनं, म्हणजे मऊ धातू वितळवून टाका मारून. ते शिकायला सेलवरचा रेडिओच घ्या. टीव्ही किंवा सेटटॉप बॉक्सच्या वाटेला इतक्यात जाऊ नका. प्लग काढल्यावरही त्यांच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, ३०० व्होल्टच्या वर वीज दबा धरून बसलेला असू शकतो.

२५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, आत राळ असलेली ६०/४० ची (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) बारीक सोल्डर वायर आणि साधा मल्टिमीटर, एवढ्यात भागतं. पत्र्याच्या कामाचं अॅसिड दुकानदारानं दिलं तरी घेऊ नका, ते तांबं खातं.

सेल काढा, मग स्क्रू. एखादा स्क्रू सेलच्या कप्प्यात लपलेला असतो. झाकण ओढू नका, सेलच्या वायरी बहुधा त्यालाच असतात. स्टेशन दाखवणाऱ्या काट्याची दोरी असेल तर तिला हात लावू नका. ती परत ओवत बसणं म्हणजे शिक्षा आहे. मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आता काडीपासून बोर्डाकडे जाणाऱ्या तारा एकेक बघा. सहसा तीन-चार असतात. तुटलेलीचं टोक हवेत लोंबतं आणि बोर्डावरच्या टाक्यात तिचा तांब्याचा ठिपका उरतो. जागा तिथेच सापडते. सगळ्या शाबूत दिसल्या तर मल्टिमीटर ओहमवर ठेवून एकाच गुंडाळीची दोन टोकं तपासा. थोडे ओहम दाखवले तर ठीक, काहीच नाही दाखवलं तर आत तुटलीय.

या तारेवर लाखेसारखा मुलामा असतो. तो न काढता सोल्डर मारलं तर टाका वरून छान दिसतो आणि रेडिओ गप्पच राहतो. आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब घ्या, तारेचं टोक त्यात बुडवून धरा; मुलामा जळतो आणि तार चंदेरी होते. नाहीच झाली तर ब्लेडनं हलक्या हातानं खरवडा. धूर नाकात जाऊ देऊ नका, खिडकी उघडी ठेवा.

मग तार जागेवर धरून आयर्न तार आणि बोर्ड दोन्हींना टेकवा, दोन-तीन सेकंद. सोल्डर आयर्नला नाही, तापलेल्या जागेला लावायचं. ते आपोआप पसरतं. आधी सोल्डर काढा, मग आयर्न, आणि गार होईपर्यंत तार हलवू नका. टाका चकचकीत आणि उतरता हवा. गोळा झाला किंवा मळकट दिसला, तर तो ड्राय, म्हणजे नीट न धरलेला टाका, परत तापवा.

कॉइल काडीवर सरकली असेल तर स्टेशन क्षीण लागतं. सेल घालून १२५१ लावा, आवाज भरेल तिथं कॉइल आणा आणि मेणबत्तीच्या मेणाचे दोन थेंब टाकून बसवा. झाकण त्यानंतर. लावल्यावर हात धुवा, सोल्डरमध्ये शिसं असतं.