निर्णयांविषयीची विचारप्रवर्तक व्याख्याने कशी शोधावीत

‘योग्य निर्णय कसा घ्यावा’ असे शब्द यूट्यूबवर टाकले, की आत्मविश्वास वाढवणाऱ्या भाषणांची रांग लागते. माणूस प्रत्यक्षात निर्णय कसा घेतो, हा मूळ प्रश्न त्या गर्दीत हरवतो. म्हणून शोध विषयाने न घेता संशोधकाच्या नावाने घ्यावा आणि ते नाव इंग्रजीत टाकावे.

आरंभ डॅनिएल कानेमन यांच्यापासून करावा. मानसशास्त्रज्ञ असूनही त्यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या वेळचे त्यांचे व्याख्यान नोबेलच्या संकेतस्थळावर आहे. पण ते जड वाटल्यास २०१० मधील ‘टेड’च्या व्यासपीठावरील भाषण आधी ऐकावे. मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी झालेल्या दोन रुग्णांचे उदाहरण त्यात येते. ज्याची तपासणी अधिक वेळ चालली, पण शेवटी वेदना सौम्य झाल्या, त्याच्या मनात त्या तपासणीची आठवण कमी त्रासाची राहिली. पुढचे निर्णय आपण अनुभवावरून नव्हे, तर अशा आठवणींवरून घेतो, हे ऐकताना आपल्याच आयुष्यातील चार प्रसंग डोळ्यांसमोर येतात.

ऐकण्याचीही एक रीत आहे. वक्त्याने श्रोत्यांना प्रश्न विचारला, की व्हिडिओ थांबवून आपले उत्तर कागदावर लिहावे आणि मगच पुढे जावे. उत्तर आधीच कळले, तर ‘मी असे केलेच नसते’ असे वाटत राहते आणि व्याख्यानाचा अर्धा लाभ तिथेच संपतो.

यानंतरची पायरी म्हणजे ऐकलेला प्रयोग पडताळून पाहणे. ती बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला जॅमचा प्रयोग अनेक भाषणांत येतो. दुकानातील मांडणीत जॅमचे २४ प्रकार ठेवले, तेव्हा थांबलेल्यांपैकी सुमारे ३ टक्के लोकांनी जॅम विकत घेतला. ६ प्रकार ठेवले, तेव्हा सुमारे ३० टक्के लोकांनी. पर्याय फार झाले की माणूस निवडच टाळतो, हा निष्कर्ष मोहक आहे. मात्र २०१० साली अशा ५० प्रयोगांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. त्यामुळे प्रयोग कोणी केला, हे टिपून ठेवावे आणि त्या नावापुढे ‘रेप्लिकेशन’ (तोच प्रयोग पुन्हा करून पाहणे) किंवा ‘मेटा-ॲनालिसिस’ (अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा) हे शब्द इंग्रजीत जोडून पुन्हा शोधावे. असे मतभेद सापडले म्हणून मूळ भाषण टाकाऊ ठरत नाही. परिणाम कधी दिसतो आणि कधी दिसत नाही, हा अधिक चांगला प्रश्न हाती लागतो.

निवड अवघड का होते, याचे तात्त्विक विवेचन हवे असल्यास तत्त्वज्ञ रूथ चँग यांना ऐकावे.

भारताशी थेट नाते असलेले व्याख्यान अर्थतज्ज्ञ सेंधिल मुल्लाइनाथन यांचे आहे. २००९ साली म्हैसूर येथे बोलताना, जुलाब झालेल्या बाळाचे पाणी तोडावे असे आयांना का वाटते, हे त्यांनी मोठ्या आस्थेने उलगडले. त्यांचे नाव मानसशास्त्रज्ञ एल्डर शफीर यांच्या नावासोबत टाकून शोधल्यास तमिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांवरील २०१३ च्या अभ्यासापर्यंत पोहोचता येते. त्यात तोच शेतकरी तोडणीपूर्वीच्या पैशांच्या ओढाताणीत विचारशक्तीच्या चाचण्यांत मागे पडला होता आणि तोडणीनंतर सुधारला होता. उसाच्या बिलाची वाट पाहणाऱ्या घरात वाढलेल्या वाचकाने तरी हा शोध चुकवू नये.