सीईटीत ८० पर्सेंटाइल? एमबीए प्रवेशाचा अंदाज बांधताना या चुका टाळा

एमबीए सीईटीचा निकाल लागला की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या अभ्यासिकांमध्ये एकच प्रश्न फिरतो, "एवढ्यावर कुठलं कॉलेज मिळंल?" उत्तर देतो दोन वर्षांपूर्वी प्रवेश घेतलेला कुणाचा तरी दादा. ८० च्या आसपास अडकलेल्या मुलामुलींचं नुकसान गुणांपेक्षा या ऐकीव अंदाजांनी जास्त होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिली गफलत पर्सेंटाइलला टक्के समजण्याची. ८० पर्सेंटाइल म्हणजे २०० पैकी १६० गुण नव्हेत, तर शंभरातले साधारण ८० जण तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत. घरच्यांनाही हे नीट समजावून सांगा. मुंबईच्या जमनालाल बजाज या व्यवस्थापन संस्थेचा खुल्या गटाचा कटऑफ (प्रवेश मिळालेल्या शेवटच्या उमेदवाराचा पर्सेंटाइल) ९९ च्या वर असतो, हे कळलं की घरातले निम्मे वाद मिटतात.

दुसरी चूक म्हणजे एका कॉलेजचा एकच कटऑफ असतो असं धरून चालणं. ही परीक्षा घेणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलच्या याद्या उघडून बघा. खुला गट, राखीव प्रवर्ग, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), मुलींच्या जागा, सगळ्यांचे आकडे वेगळे. शिवाय कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, प्रत्येक फेरीचा आकडा वेगळा. मित्राने सांगितलेला कटऑफ कुठल्या फेरीचा आणि कुठल्या गटाचा, हे विचारल्याशिवाय त्यावर विसंबू नका. परीक्षेची काठिण्यपातळी आणि बसणाऱ्यांची संख्या दरवर्षी बदलते, म्हणून एका वर्षाच्या यादीवर न थांबता दोन-तीन वर्षांच्या याद्या शेजारी ठेवा.

सर्वांत महागात पडते ती पसंतीक्रमातली भीती. गुण कमी आहेत म्हणून पोरं मिळणारच असलेलं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकतात. असं करू नका! वाटप मेरिटनुसार होतं आणि तुमची यादी वरून खाली तपासली जाते. वरचं अवघड कॉलेज नाही मिळालं तर खालच्या पर्यायावरचा तुमचा हक्क तसाच राहतो. उलट पहिली पसंती मिळाली की ती आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेरीत वर सरकायची वाट बंद होते. त्यामुळे मनापासून हवं ते वर, जमण्यासारखं मध्ये, खात्रीचं शेवटी. शिवाजी विद्यापीठाचा एमबीए विभाग किंवा १९७६ पासूनची आपली 'सायबर' ही व्यवस्थापन संस्था यांना 'गावातलंच' म्हणून यादीतून वगळूही नका. पुण्यातल्या खोलीभाड्याचा आणि मेसचा हिशेब एकदा कागदावर मांडा, मग ठरवा.

पहिल्या फेरीत नाव आलं नाही की घाबरून संस्था स्तरावरची, म्हणजे कॅपबाहेर कॉलेज स्वतः भरतं ती, जागा घेणारेही भेटतात. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती, जिची उत्पन्नमर्यादा ८ लाख आहे, ती कॅपमधून प्रवेश घेणाऱ्यांसाठीच आहे. आपल्याच शाहू महाराजांच्या नावाची मदत कोल्हापूरच्या पोरांनी घाईत घालवावी, याचं मला खरंच वाईट वाटतं.

कॅटमध्ये, म्हणजे आयआयएमच्या प्रवेश परीक्षेत, कमी पर्सेंटाइल असेल तर तिथली गणितं वेगळी. अनेक आयआयएम दहावी, बारावी आणि पदवीचे गुणही धरतात, शिवाय प्रत्येक विभागाचा कटऑफ स्वतंत्र असतो.

आणि कागदपत्रं. ईडब्ल्यूएस, नॉन-क्रीमीलेअर, जात वैधता यांच्या तारखा आजच तपासा. मुदतीत प्रमाणपत्र दिलं नाही तर अर्ज खुल्या गटात जातो आणि राखीव जागांचे कटऑफ पाहून केलेला सगळा हिशेब पहिल्यापासून मांडावा लागतो.