ट्रकचं ॲव्हरेज पडलं? ड्रायव्हरवर संशय घेण्याआधी या चुका टाळा

पिंपळगाव बसवंतहून कांदा भरून इंदूरच्या पुढे जाणारी आमची बारा चाकी गाडी लिटरला ४ किलोमीटर द्यायची. एका महिन्यात ती ३.६ वर आली. आकडा छोटा वाटतो, पण गाडी महिन्याला ९,००० किलोमीटर पळते. म्हणजे २,२५० लिटरऐवजी २,५०० लिटर डिझेल, आणि ९० रुपये भाव धरला तर साडेबावीस हजार रुपये जास्तीचे गेले. मी सरळ ड्रायव्हरला विचारलं, "दादा, डिझेल जातंय कुठे?" दहा वर्षं गाडीवर असलेला माणूस, त्याला प्रश्नाचा अर्थ लगेच कळला. त्या प्रश्नाची मला आजही लाज वाटते, कारण डिझेल खात होते मागचे टायर आणि एक ब्रेक.

त्यानंतर मी जे शिकलो ते इथे लिहितोय. सुरुवात मोजणीपासून करा, कारण पहिली चूक तिथेच होते. पंपावरची जागा उताराची असेल तर मोठ्या टाकीत काही लिटर सहज कमी-जास्त बसतात. डिझेलला फेस येतो, नोझल आधीच कट मारतं आणि आपण टाकी फुल झाली असं समजतो. त्यामुळे शक्यतो एकाच पंपावर, सपाट जागी, फेस बसू देऊन टाकी फुल करा आणि पुढच्या फुलपर्यंतचे किलोमीटर घ्या. एका फेरीवरून काही ठरवू नका, तीन फेऱ्या बघा. भरलेली आणि रिकामी फेरी वहीत वेगळी लिहा. परतीला भाडं मिळालं की ॲव्हरेज आपोआप खाली येतं, त्यात कुणाचा दोष नसतो. पंपाच्या मापावर शंका असेल तर ५ लिटरचं माप मागा. तो ग्राहकाचा हक्क आहे.

आता टायर. जोडटायरांत बाहेरच्या टायरची हवा सगळे बघतात. आतल्या टायरच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोचत नाही, म्हणून त्याला लाथ किंवा टॉमी (लोखंडी पहार) मारून आवाजावरून अंदाज घेतला जातो. आमच्याकडेही तेच चालायचं. गेज लावलं तेव्हा आतल्या दोन टायरांत बाहेरच्यांपेक्षा २५-३० पीएसआय हवा कमी निघाली. असा टायर रस्त्यावर दबून चालतो, तापतो आणि इंजिनाची ताकद खातो. त्याचा भार शेजारच्या टायरवर पडतो, तोही लवकर संपतो. आतल्या व्हॉल्व्हला एक्स्टेन्शन बसवून घ्या, खर्च किरकोळ आहे. हवा सकाळी टायर थंड असताना तपासा. धाब्यावर थांबून गरम टायरचं गेज वाढलेलं दिसलं म्हणून हवा काढणं ही आणखी एक चूक, कारण टायर थंड झाला की हवा कमी पडते.

धरणारा ब्रेक शोधायला मिस्त्री लागत नाही. मोकळ्या रस्त्यावर तासभर चालवून, ब्रेक फारसा न मारता गाडी थांबवा आणि प्रत्येक हबजवळ तळहाताची मागची बाजू न्या, टेकवू नका. एकच हब बाकीच्यांपेक्षा जास्त धगधगत असेल तर तिथला ब्रेक पूर्ण सुटत नाही. आमचा मागचा डावा सापडला तो असाच, शिरपूरच्या अलीकडे. जॅक लावून चाक हाताने फिरवलं तर ते अडखळत होतं. ब्रेकचं अंतर जुळवणारा स्लॅक ॲडजस्टर जाम झाला होता.

उतारावर न्यूट्रल करण्याबद्दल मात्र मला पोटतिडकीने सांगायचंय. आताच्या इंजिनांत गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर डिझेल सोडणं बंद करतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं की उलट इंजिन चालू ठेवायलाच डिझेल लागतं. म्हणजे वाचत काहीच नाही, आणि इंजिनाचा ब्रेक हातचा जातो. मग सगळा भार ब्रेकच्या ड्रमवर येतो, ड्रम तापतात आणि पॅडल दाबूनही गाडी थांबत नाही. राऊ-खलघाट मार्गावरचा गणपती घाट असो की कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार, तिथे किती माणसं गेली हे या रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. ज्या गियरने चढ चढाल त्याच गियरने उतरा आणि एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनानेच गाडी आवरणारा ब्रेक, वापरा.

वेगाचं गणित सोपं आहे. ६० वरून ८० ला गेलात की हवेचा विरोध पावणेदोन पट होतो. ताडपत्री सैल असेल तर ती शिडासारखी फुगते आणि त्यात भर पडते. इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरच्या हिरव्या पट्ट्यात चालवा. चढावर काळा धूर आणि शिट्टीसारखा आवाज येत असेल तर आधी एअर फिल्टर बघा, मग टर्बोने दाबलेली हवा थंड करायला इंटरकूलरकडे नेणारा होज (रबरी पाइप). क्लिपजवळ तेलकट काळा डाग दिसला तर बहुधा तिथूनच हवा निसटतेय.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) गाड्यांत एक वेगळी अडचण आहे. लोडिंगच्या रांगेत एसीसाठी इंजिन तासन्‌तास चालू ठेवलं की तासाला दीड-दोन लिटर जातंच, शिवाय सायलेन्सरमधल्या डीपीएफ फिल्टरमध्ये काजळी साचते. ती जाळायला गाडी जास्तीचं डिझेल वापरते, यालाच रिजनरेशन म्हणतात. ते चालू असताना मध्येच इंजिन बंद केलं तर काम अर्धवट राहतं आणि पुन्हा सुरुवात करावी लागते. रिजनरेशनचा दिवा लागला असेल तर पंधरा-वीस मिनिटं गाडी चालत ठेवा. हायवेच्या कडेला स्वस्तात मिळणारं बायोडिझेल आणि धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरायचा युरिया सुट्टा घेणं, दोन्ही टाळा. वाचलेले दोन-चार रुपये एका इंजेक्टरच्या बिलात निघून जातात.

हे सगळं तपासून झालं, गाडी निर्दोष निघाली आणि तरी तीन फेऱ्यांचा हिशोब जुळत नसेल, तर मग ड्रायव्हरशी बोला. तेही वही दोघांच्या समोर उघडी ठेवून.